आमच्या घरावर सहा पानं

अख्खी पेशवाई मी दहा ओळींत बुडवत होते. कृष्णा नदीचा उगम ते शेवट, दहा ओळी. मलेरिया का होतो आणि कसा टाळावा, तेही दहाच. कारण माझी पाटी तेवढीच होती, आणि खाली दोन ओळींची जागा मास्तरांच्या शेऱ्यासाठी सोडावी लागायची.

लढाईचे दिवस होते. कोरा कागद औषधालाही मिळत नव्हता. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात मी माझ्या भावाकडे, अण्णाकडे, राहत होते. नवऱ्याच्या घरातनं स्वतःच्या पायानं चालत परत आलते. त्यानं टाकलं असतं तर लोकांनी कीव केली असती, पण मी निघून आले, त्यामुळं अण्णाची मान खाली गेली. तो मला घराबाहेर काढत नव्हता, पण बोलतही नव्हता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन वर्षं! काही सांगायचं असलं तर वहिनीला म्हणायचा, ‘सांग तिला.’ आणि वहिनी सांगायची म्हशीला. ‘काय गं म्हशे, काही माणसांना उन्हात घातलेली तंबाखू उलटायची आठवण राहत न्हाय वाटतं?’ मी उठून पानं उलटायची. म्हैस बिचारी रवंथ करायची.

सुटायचा रस्ता एकच होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले तर मास्तरीण होता येणार होतं. शाळेचे म्हातारे मास्तर त्यासाठी अण्णाकडे शब्द टाकायला आले. अण्णा त्यांना म्हणाला, ‘बसू दे एकदा. जमलं तर जमलं, न्हायतर घरातलं काम हायच. पण शाळंत जाऊन बसायचं न्हाय. लोक काय म्हणतील?’ मी दाराआड उभी राहून ऐकत होते. एकदा म्हणजे एकदाच, हे मला कळलं.

मग आम्ही एक रीत पाडली. सकाळी पाण्याला जाताना मी शाळेच्या खिडकीत पाटी ठेवायची आणि दुपारच्या खेपेला उचलायची. एका बाजूला माझं उत्तर, खाली मास्तरांचा शेरा, आणि मागच्या बाजूला उद्याचा प्रश्न. वर्षभरात मास्तरांशी समोरासमोर दहा शब्द बोलले नसेन. पण दिवसभरात माझ्यासाठी म्हणून कुणी काही लिहिलेलं असेल तर तो शेरा. ‘ठीक.’ ‘आटोपशीर.’ ‘तारखा तपासा.’ मी अगदी अधाशासारखी वाचायची. एकदा ताप आला म्हणून दोन दिवस पाटी गेली नाही. तिसऱ्या दिवशी शेऱ्याच्या जागी होतं, ‘दोन दिवस पाटी आली नाही. प्रकृती बरी आहे ना?’ ते वाचून मी परसात जाऊन रडले. आणि ती पाटी दिवसभर पुसलीच नाही. वहिनी म्हशीला म्हणाली, ‘आज अभ्यासाला सुट्टी हाय जणू!’

निबंधही पाटीवरच व्हायचे. पाऊस, गाय, खेड्यातला बाजार, आमचे घर. ‘आमचे घर लहान पण टुमदार आहे. आम्ही सर्वजण गुण्यागोविंदाने राहतो.’ हे दुसरं वाक्य मास्तरांनी घातलेलं. मी तोंडपाठ केलं. पाठ करायला काय जातं?

परीक्षेला बेळगावला जायचं होतं. अण्णानं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं नेलं, गावालगतच्या अनगोळला लांबच्या नातेवाइकांकडं सोडलं आणि त्यांच्या म्हातारीला म्हणाला, ‘शेवटच्या पेपरादिवशी न्यायला येतो म्हणून सांगा तिला.’ मी तिथंच उभी होते, हाताच्या अंतरावर.

पहिलाच पेपर मराठी निबंधाचा. कागद हातात आला आणि बघते तर ‘आमचे घर’! मला इतका आनंद झाला की पुढचं काही वाचलंच नाही. झरझर लिहून काढलं आणि टाक खाली ठेवला. पाव तासही झाला नसेल. म्हटलं, बाकीच्या पोरी काय करत बसल्यात? पुढची मुलगी उठून पुरवणीचा कागद मागत होती. मग दुसरी. मी परत प्रश्न बघितला. विषयाच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘किमान तीन पाने लिहा.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर पाटीवर नुसता विषय लिहून द्यायचे. जागाच नव्हती तर तीन पानांचं त्यांनी तरी काय सांगावं? आणि मी वर्षभर दहा ओळींत थांबायला शिकले होते. हात आपोआप थांबला होता. आता हे गेलं म्हणजे सगळं गेलं. परत तंबाखू, परत ती म्हैस, मरेपर्यंत.

‘आम्ही सर्वजण गुण्यागोविंदाने राहतो.’ याच्यापुढं काय लिहायचं? मी त्या वाक्याकडं बघत बसले. एक अक्षर सुचेना. मग एकदम रागच आला मला. कोण राहतं गुण्यागोविंदानं? मी ती ओळ खोडली.

कागदावर माझं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तपासणारा पुण्याचा असेल नाहीतर धारवाडचा, त्याला कुठं माहीत आमचं घर! झाकली मूठ मी उघडली आणि सगळं लिहिलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपुढं एकटीनं जेवते ते. म्हशीशी चालणारं बोलणं. भाऊबीजेला मी ओवाळलं तेव्हा अण्णानं खाली मान घालून ओवाळून घेतलं आणि एक शब्द न बोलता पाटावरनं उठून गेला, ते. त्याच्या पायांच्या आवाजावरनं त्याचा राग ओळखायला मी शिकले, ते. लिहिताना मला थांबताच येईना. दोनदा पुरवणी मागितली. घंटा झाली तेव्हा सहा पानं भरली होती आणि बोटं आखडली होती. हलकंही वाटलं आणि चोरी केल्यासारखंही वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाकीचे पेपर बरे गेले, तीच चूक परत केली नाही. शेवटच्या दिवशी अण्णा आला. मोटारीत शेजारी एक पागोटंवाले म्हातारे बसले होते. त्यांनी विचारलं, ‘कोण ही?’

‘बहीण. परीक्षेला बसलीया.’

तीन वर्षांत त्याच्या तोंडून ‘बहीण’ पहिल्यांदा ऐकलं. म्हातारे माझ्याकडं वळले. ‘काय आलतं गं पोरी परीक्षेत?’

मी म्हटलं, ‘निबंध आलता. आमचे घर.’

अण्णा एकदम माझ्याकडं वळला. माझ्याकडं! ‘आपल्या घरावर? किती लिवलंस?’

‘सहा पानं.’

‘सहा पानं!’ तो म्हाताऱ्यांना म्हणाला, ‘ऐकलासा? आमच्या घरावर सहा पानं लिवलीत. सरकारला.’ पुढच्या बाकावरच्यालाही सांगितलं. मग मोटार घाटात धापा टाकायला लागली तेव्हा हळूच म्हणाला, ‘माझंबी लिवलंस व्हय?’

‘तुझंच जास्त हाय, अण्णा.’

 त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. ‘मी तुझ्यासंगं तीन वरसं बोललो न्हाय. आन तू माझ्यावर लिवलंस. लई चुकलं गं माझं.’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मोटार मागं वळवावी, तपासायला गेलेला पेपरांचा गठ्ठा शोधावा आणि माझी सहा पानं चुलीत घालावी असं वाटत होतं.

त्या दिवसापासून अण्णा बोलायला लागला. निकालापर्यंतचे ते दोन-अडीच महिने! शेतातनं आला की हाक मारायचा, ताटावर बसल्यावर ‘तूबी घे की’ म्हणायचा. वहिनीसुद्धा म्हशीला सोडून माझ्याशी बोलायला लागली. मी पास झाले. मराठीतच सगळ्यात जास्त मार्क पडले, आणि नेमणूक आली बेळगावच्याही पलीकडं, नंदगडला.

अण्णा ट्रंक घेऊन सोडायला आला. माझी भाड्याची खोली झाडली, चूल मांडली, सरपण रचलं, आणि उंबऱ्यावर बसला तो उठेचना.

‘उशीर होईल, अण्णा,’ मी म्हटलं.

‘तुझ्याबिगर घर खायला उठंल गं आता,’ तो म्हणाला.

‘घरी परत येते,’ म्हणाले असते. पण दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं. तो गेला, आणि मी दाराला कडी घालून पोटभर रडले. हवी होती तशी स्वतःची खोली मिळाली होती, आणि तिच्यात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.