पुढचे दार

मार्लीन झास्ट्रोच्या घराला पुढचे दार होते, पण ते असून नसल्यासारखे. दाराच्या आतल्या अंगाला व्हॅक्यूम क्लीनर उभा असायचा, त्याला टेकून नाताळच्या झाडाचा खोका, आणि खोक्यावर गेल्या हिवाळ्यातले बूट. घरात जाण्यायेण्याचा खरा रस्ता गॅरेजमधून. उन्हाळ्यात दुपार कलली की ती बटण दाबायची, शटर कुरकुरत वर जायचे आणि घडीच्या चार खुर्च्या, जुना फ्रिज, भिंतीला टांगलेली बर्फाची फावडी, सगळा संसार रस्त्याला उघडा पडायचा. शटर वर आहे म्हणजे या. फ्रिजमधली बीअर आपल्या हाताने घ्या, खुर्ची ओढा आणि बसा. बोलावणे कोणी कोणाला करत नसे.

पुढच्या दाराची घंटा वाजवणारे तिघेच: खिडक्या विकणारे, देव विकणारे आणि पोलीस. केन, तिचा नवरा, हायवेवर गाडी चालवता चालवता गेला, तेव्हा टोपी काखेत धरलेला पोलीस त्याच दाराशी उभा होता. तेव्हापासून घंटा वाजली की मार्लीन हातातले काम खाली ठेवायची. खिडकीचा पडदा बोटभर सरकवून ती बघायची आणि बहुतेक वेळा पुन्हा सोडून द्यायची.

ओक हॉलो हे मिलवॉकी शहराच्या पश्चिमेचे उपनगर. कागदोपत्री ते अजून गावच होते. गावाला अध्यक्ष होता, अग्निशमनाची एक गाडी होती आणि बदकांनी घाण करून ठेवलेले एक तळे होते. मार्लीनने तिथे तीसेक वर्षे शाळेची बस चालवली. गावातले प्रत्येक वळण तिच्या मनगटात बसले होते. तिने शाळेत सोडलेली पोरे आता टक्कल पडलेली माणसे झाली होती आणि गाडीतून हात हलवून जायची. काही वर्षे शहरातली काळी मुलेही तिच्या बसमधून यायची. ती त्यांनाही नावानिशी ओळखायची, वाढदिवसाला चॉकलेट द्यायची. त्या जोरावर आपले मन स्वच्छ आहे, असे ती धरून चालली होती. धरून चाललेल्या गोष्टी माणूस पुन्हा उघडून बघत नाही.

समोरच्या घरातले गॉर्डी फ्लम आणि त्याची बायको आर्लिस हे गॅरेजमधले रोजचे. गॉर्डीचा आवडता विषय एकच, हे गाव किती रटाळ आहे.

"हे गाव म्हणजे उकडलेला बटाटा," तो म्हणायचा. "पोट भरतं. पण घरी जाऊन कुणी सांगत नाही की आज काय बटाटा खाल्ला म्हणून!"

"मग जा ना शिकागोला," आर्लिस म्हणायची. "धरलंय कुणी? डबा बांधून देते."

"तिथं गाडी कुठं लावू?"

"बघ. माझी तक्रार तरी खरी आहे. या रस्त्यांना फुटपाथ नाही. काल नुसती पाय मोकळे करायला निघाले, तर तिघांनी गाडी थांबवून विचारलं, 'बाई, गाडी बंद पडली का?'"

"तुला काय वाटतं गं मार्लीन?" गॉर्डी विचारायचा.

"मला बरं वाटतं," मार्लीन म्हणायची. त्या भागात याहून मोठी स्तुती कोणी करत नाही.

तिला सलत होती ती शेजारच्या घराची गोष्ट. ते घर डोनाचे. चाळीसेक वर्षे डोना आणि ती एकमेकींच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने, न विचारता शिरत आल्या होत्या. मग डोनाचे गुडघे गेले, पाठोपाठ आठवण गेली, आणि मुलाने तिला वृद्धाश्रमात ठेवून घर भाड्याने दिले. वर्षभरात दोन बिऱ्हाडे आली आणि गेली. घर अंधारात असले की मार्लीनला स्वतःच्या सिंकपाशी उभे राहवत नसे. समोरची काळी खिडकी तिच्याकडेच बघत बसायची.

मार्च महिन्यात गॅड्सडेन आले. शहराच्या उत्तर भागातले काळे जोडपे, पन्नाशीच्या अलीकडचे. रेनिटा इस्पितळात रक्त तपासणीचे काम करायची, टेरेन्स लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांनी डोनाची फुलझाडे उपटली नाहीत. संध्याकाळी खिडकीत पिवळा दिवा लागू लागला. घर विकत घ्यायचे असेल तर पहिला हक्क तुमचा, असे डोनाच्या मुलाने त्यांना सांगितले होते. जूनअखेरपर्यंत काय ते कळवायचे. मार्लीनला ते राहायला हवे होते. तसे ती कोणाला बोलली नाही, पण गवत कापताना त्यांच्या बाजूचाही हातभर पट्टा कापून द्यायची. याचा अर्थ तिकडे सगळ्यांना कळतो, असे तिला वाटे.

"पण एकदाही इकडे फिरकली नाहीत," ती गॉर्डीला म्हणाली. "शटर रोज वर असतं. दिसत नाही का?"

"असतात काही लोक आपल्या आपल्यात राहणारे," गॉर्डी म्हणाला.

जूनच्या मध्यावर गावाची सभा भरली. नव्या आराखड्याआधी लोकांची मते ऐकायची होती: इथे राहणे कसे वाटते, काय आवडते, काय नाही. अग्निशमनाची गाडी अंगणात काढून त्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर चॉकलेटच्या वड्या आणि पाणचट कॉफी. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटे, आणि वेळ मोजायला अध्यक्षांनी घरून अंडी उकडायचे कोंबडीच्या आकाराचे घड्याळ आणले होते. ती कोंबडी किणकिणली की वक्ता वाक्य अर्धे टाकून बसायचा.

कोणी म्हणाले शाळा चांगल्या आहेत. कोणी म्हणाले कर बघा आधी. एक बाई बदकांवर बोलायला उठली आणि कोंबडी वाजली तरी थांबेना. एक तरुण म्हणाला, "इथं मला कुणी येऊन त्रास देत नाही, हे मला आवडतं." त्याच्यामागून एक म्हातारा काठी टेकत उठला. "इथं मला कुणी येऊन विचारत नाही," तो म्हणाला, आणि तेवढेच बोलून बसला. मार्लीनला वाटले, दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलले.

मग रेनिटा उभी राहिली. इस्पितळाचे निळे कपडे अजून अंगावरच होते.

"मला इथली झाडं आवडतात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला इथं झोप लागते, ती शहरात लागत नव्हती. एप्रिलमध्ये मी पीचचं गोड कॉब्लर भाजलं. माझी आई म्हणायची, नव्या जागी गेलं की आपण आधी दार वाजवावं. मी शेजारी गेले. घंटा वाजवली. पडदा हलला. मी थांबले. पुन्हा वाजवली. दार उघडलं नाही. भांडं गरम होतं, म्हणून मी या हातातून त्या हातात घेत उभी होते. मग घरी गेले. मी कुणाचं नाव घेत नाही. आम्हाला महिनाअखेर ठरवायचंय, इथं घर घ्यायचं की नाही. तुम्ही विचारलंत कसं वाटतं, म्हणून सांगितलं."

कोंबडी वाजायला अजून वेळ होता. सगळे तिची टिकटिक ऐकत बसले.

बाहेर पडताना उजेड अजून होता. तळ्याकाठी बदके गवत ओरबाडत होती. गॉर्डी गाडीचे दार धरून म्हणाला, "कोण असेल गं तो गाढव?"

"मी."

त्याने गाडीचे दार पुन्हा लावले. मग म्हणाला, "अगं, तुला काय ठाऊक कोण आहे ते? आपल्याकडे पुढच्या दारानं येतं तरी कोण? मीसुद्धा उघडलं नसतं."

"तू उघडलं नसतंस. पण पडदा मी सरकवला होता, गॉर्डी. मला दिसली होती ती."

"मग तुला वाटलं असेल काहीतरी विकायला आलीय."

"हो. तसंच वाटलं."

"झालं तर मग."

"फॉइलनं झाकलेलं भांडं घेऊन कोण विकायला येतं?" मार्लीन म्हणाली. "भांडंही दिसलं होतं मला."

गॉर्डीने खिशातून किल्ली काढली. आर्लिसने त्याच्या कोपराला हात लावला आणि ती दोघे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मार्लीनने लिंबे काढली. त्या गावात चूक झाली की लिंबाच्या वड्या जातात. थाळी पुढे करायची, हवेबद्दल बोलायचे, समोरच्याने "अगं, कशाला त्रास घेतलास" म्हणायचे, की प्रकरण मिटते. शब्द कोणालाच खर्च करावे लागत नाहीत. केनशी तिची अर्धी भांडणे अशीच मिटली होती. लोणी मोजता मोजता ती थांबली. थाळी हातात असली तर आपण थाळीबद्दलच बोलू, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने लिंबे परत फ्रिजमध्ये ठेवली, हात धुतले आणि रिकाम्या हाताने निघाली.

पाय सवयीने डोनाच्या मागच्या दाराकडे वळले. ते तिने परत फिरवले. इतक्या वर्षांत त्या घराच्या पुढच्या पायरीवर ती कधी उभी राहिली नव्हती. पायरी उंच होती. तिथून सगळा रस्ता दिसत होता, म्हणजे रस्त्याला आपणही दिसत असणार. घंटा दाबली. आत पावले वाजली, मग वाजायची थांबली. खिडकीचा पडदा हलला.

पडदा हलल्यानंतरचा वेळ किती लांब असतो, हे तिला आता कळले. हातांचे काय करावे ते समजेना.

दार उघडले. "मिसेस झास्ट्रो," रेनिटा म्हणाली.

"मार्लीन म्हण. एप्रिलमध्ये दार न उघडणारी मी होते."

"ठाऊक आहे. घर तुमचंच होतं."

"हो. खरंच की." मार्लीनचे तोंड लाल झाले. "इथं पुढच्या दारानं कुणी येत नाही. फक्त विकणारे येतात. म्हणून मला वाटलं..."

"मी विकणारी दिसले?"

मार्लीनला 'नाही' म्हणता आले असते. "तुला बघून मी तसं स्वतःला सांगितलं," ती म्हणाली. "भांडं बघितल्यावरसुद्धा. डोनाची बहीण असती तर उघडलं असतं. मला त्याची लाज वाटते."

रेनिटाने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला. रस्त्यावरून टपालाची गाडी गेली.

"मग इथले लोक कुठून येतात?" तिने विचारले.

"गॅरेजमधून. शटर वर असलं की सरळ आत यायचं. रोज वर असतं की. मी तर वाट बघायचे, तू का येत नाहीस म्हणून."

रेनिटा हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. "मिसेस झास्ट्रो, मी माझ्या भावांना लहानपणापासून काय ऐकवत आले ठाऊक आहे? कुणाचं गॅरेज उघडं दिसलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जा. आम्ही उघड्या गॅरेजमध्ये शिरलो तर लोक बीअर देत नाहीत. पोलीस बोलावतात."

मार्लीनने मागे वळून आपल्या घराकडे पाहिले. शटर वर होते. खुर्च्या, फ्रिज, फावडी. सहा महिने बर्फ आणि सहा महिने खुर्च्या, असे आयुष्य तिने त्या चौकोनात घालवले होते, आणि तो कोणाला कसा दिसत असेल हे तिने या बाजूला उभे राहून कधी पाहिलेच नव्हते.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली.

"तुमच्या डोक्यात यायची गरजच पडली नाही."

"कॉब्लरचं काय झालं?"

"टेरेन्सनं अख्खं खाल्लं. म्हणाला, शेजारी असेच वाईट निघोत, मला रोज खायला मिळेल." आता ती खरी हसली. "आत येता का? कॉफी आहे."

तिकडच्या रीतीप्रमाणे मार्लीनने दोनदा तरी 'नको, मी निघतेच' म्हणायला हवे होते. "येते," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत गेली.

कॉफी पिताना रेनिटाने स्पष्ट सांगितले, "तुम्ही आलात म्हणून आम्ही घर घेणार नाही. आणि आला नसतात म्हणून सोडणारही नव्हतो. टेरेन्सला इथली शांतता हवी आहे. मला मात्र या शांततेत सारखं वाटतं, कुणीतरी श्वास रोखून बसलंय."

"असेलही," मार्लीन म्हणाली. केनची बाजू घ्यावी तशी गावाची बाजू घ्यायची तिची सवय होती. त्या दिवशी घेतली नाही.

महिनाअखेर गॅड्सडेननी घर घेतले. कारण विचारले की टेरेन्स इस्पितळ जवळ पडते म्हणायचा, रेनिटा हप्ता भाड्याइतकाच बसतो म्हणायची. त्यात आपल्या त्या भेटीचा वाटा किती, हे मार्लीनने विचारले नाही.

जुलैतल्या एका संध्याकाळी गॅरेजमध्ये गॉर्डी बटाट्यावर आला होता. रेनिटा रस्ता आणि गॅरेजपुढचे सिमेंट मिळतात त्या रेषेवर येऊन थांबली. हातात काही नव्हते.

"मिसेस झास्ट्रो, आत येऊ?"

"अगं, विचारायचं काय त्यात!" गॉर्डी ओरडला. "शटर उघडं आहे की."

"तू गप्प बस," मार्लीन त्याला म्हणाली. ती खुर्चीतून उठली, रस्त्याच्या रेषेपर्यंत चालत गेली आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये, रेनिटा."

पुढे ऑगस्टमध्येही तसेच झाले, सप्टेंबरमध्येही. रेनिटा दर वेळी रेषेवर थांबून विचारते. मार्लीन दर वेळी उठते.