कुंपणावरून केबल

कितीतरी हिवाळे बर्फाविना कोरडे गेल्यावर आमचे कालवे सलग गोठले, आणि सीत्स्के माझ्या बेकरीत येऊन थडकली.

"वोप्के, तुझ्या प्रिंटरला माझा कॉम्प्युटर जोडायचाय. आजच. उद्या सकाळी बर्फावरची फेरी!"

सीत्स्के माझी शेजारीण, आमच्या स्केटिंग क्लबाची चिटणीस आणि हट्टी म्हणजे किती, तर विचारू नका. फेरीत प्रत्येकाला नावाचं कार्ड लागतं. गावोगावी त्यावर शिक्के घ्यायचे. ती कार्डं आजवर सीत्स्के हाताने लिहायची. गाव बर्फावर आणि ही टेबलाशी, दरवेळी तेच. आता एप्रिलमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरने सांगून टाकलं होतं, त्यानंतर स्केट्स विसरा.

"यंदा मी जाणार म्हणजे जाणारच," ती म्हणाली.

"मग नावं फ्लॉपीवर आण ना."

"फ्लॉपीचा ड्राइव्ह मेलाय."

"मग कॉम्प्युटरच उचलून आण!"

"आणि फोन कोण घेणार? नावं अजून येतायत. तू घेशील? तू तर गिऱ्हाइकांवरही खेकसतोस."

प्रिंटर मी हलू देणार नव्हतो. साखरपावाची लेबलं त्यावरच निघत होती. मग केबलचं भेंडोळं कुंपणावरून, माझ्या खिडकीतून, प्रिंटरशेजारच्या माझ्या कॉम्प्युटरपर्यंत आलं. टोकांचे प्लग तिने स्वतः दाबून बसवले. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजात राबलेली बाई. इकडे ज्या रंगाची तार जिथे, तिकडेही ती तिथेच. काम बघत राहावं असं! पण दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख दाखवतील तर शपथ.

मी केबल विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो हसतच सुटला. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या जागी जायला हवी, म्हणाला. म्हणजे एका टोकाला तारा उलटसुलट करायच्या.

हे ऐकून सीत्स्के लालबुंद झाली. "उलटसुलट? अख्ख्या नोकरीत माझी एक तार चुकली नाही!"

"मग बस उद्या टेबलाशी," मी म्हणालो. मलाही चीड आलीच होती.

तिने कात्री घेतली आणि आपल्याच हातचा तो देखणा प्लग कचकन कापून टाकला. ओठ घट्ट मिटून एकेक तार चुकीच्या वाटणाऱ्या जागी सरकवली, नवा प्लग दाबला आणि घरी पळाली.

थोड्या वेळाने माझा प्रिंटर करकरला. कार्ड बाहेर आलं. त्यावर क्रमांक एक, आणि नाव सीत्स्केचं.

"आलं का रे?" कुंपणापलीकडून हाक आली.

"आलं! पण चिटणीसबाईंचं नाव पहिलं? लाज नाही वाटत?"

"आजवर शेवटीच लिहीत आले ना! माझ्या नावाशी पोचेपर्यंत सगळे निघून गेलेले असायचे."

मी पिठाचे हात ॲप्रनला पुसले, ते कार्ड अलगद उचललं आणि प्रिंटरमध्ये आणखी कागद भरले.