काळीची बातमी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच पेज गाळत होते. दवाखान्यात थांबलेल्या माझ्या नवऱ्याला "अक्का गेली" एवढंही नीट म्हणता येईना. मी गॅस बंद केला आणि मनात पहिला विचार आला तो काळीचा. काळी म्हणजे अक्कांची शेळी. तिची बातमी त्यांना सांगायची राहून गेली होती...

अक्का माझ्या थोरल्या नणंद. तलवाड्याला एकट्या राहायच्या, शेळ्या पाळायच्या आणि कुणाचं म्हणून ऐकायच्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या लेकीला, तनूला घेऊन त्यांच्याकडे राहिले. तनूला तिसरं सरत आलं होतं, पण शब्दातलं पहिलं व्यंजन ती गिळूनच टाकायची. पाणी म्हणजे 'आणी', काळी म्हणजे 'आळी'. इतरांना काही कळायचं नाही, मला मात्र सगळं कळायचं, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. तिनं बोट दाखवलं की मी उठलेच. अक्कांनी हे काही दिवस पाहिलं आणि एकदा चुलीपाशीच मला झापलं. "सुनंदा, तू गप गं जरा. समदं तूच बोललीस तर ती कावून बोलंल?"

संध्याकाळी शेळ्या बांधायच्या वेळी त्या तनूसमोर उकिडव्या बसायच्या, तिला आपले ओठ दिसतील अशा सावकाश म्हणायच्या, "काळी." पोरगी चुकली तरी चुकलं म्हणायच्या नाहीत. पुन्हा तोच शब्द म्हणायच्या आणि थांबायच्या. मला राहवेना, मी तोंड उघडलं की तळहात वर करून मला अडवायच्या. तनूनं जोर लावून "काळी" म्हटलं, की काळी खरंच धावत यायची. नंतर कळलं, बाई तनूच्या पाठीमागे हात नेऊन काळीला बाभळीच्या शेंगा दाखवायच्या! मी पकडलं तेव्हा खुदकन हसल्या. "आगं, बोलल्यावर कुनीतरी आलं पायजे ना."

उन्हाळा सरेपर्यंत तनूचे बरेच शब्द सुधारले. पण माणसांसमोर ती अजून मान हलवूनच भागवायची, अगदी फोनवरसुद्धा. पलीकडून अक्का ओरडायच्या, "मान हालवतीस व्हय? मला दिसत न्हाई बाई. तोंडानं सांग."

दिवाळीनंतर त्यांना दम लागू लागला, म्हणून बीडला दवाखान्यात ठेवलं. जीव सगळा गाभण काळीत अडकलेला. एक दिवस शेजाऱ्यांचा निरोप आला, काळी व्याली. मी ठरवलं, ही बातमी तनूनंच द्यायची. रिक्षात बसल्यापासून ती घोकत होती, "काळीला दोन पिल्लं झाली." अगदी स्वच्छ. पण खाटेजवळ गेल्यावर तिनं अक्कांच्या नाकातली नळी पाहिली आणि माझा पदर धरला.

"काळी कशी हाय गं?" अक्कांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुई लावलेला तो हात वर आला. आम्ही दोघी तनूच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिचे ओठ हललेसुद्धा... आणि भेटायची वेळ संपली म्हणून नर्सनं हाक मारली. "जाऊ दे," अक्का म्हणाल्या, "उद्या सांग. मी हाय की."

त्या दिवशी त्यांचं ऐकलं नसतं तर काळीची काळजी मनात घेऊन त्या गेल्या नसत्या, असं वाटून जीव तुटतो. मग वाटतं, त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचंच नव्हतं. काही केल्या मनाची समजूत पटत नाही.

दहावं झाल्यावर आम्ही तलवाड्याच्या घरी गेलो. शेंगांची पिशवी खुंटीला तशीच होती. तनू रिकाम्या हातानं अंगणात उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "काळी!" बाभळीखालून काळी आली, मागोमाग दोन्ही पिल्लं. तनू हरखून ओसरीवरच्या अक्कांच्या बाजेकडे वळली. "अक्का, काळीला दोन पिल्लं झाली!"

आणि ती थांबली, अक्कांनी शिकवलं होतं तशी. बाजेवरून कुणी काही बोलेना, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. आजवर तिच्या वतीनं भडाभडा बोलणारी मी तिच्यासमोर उकिडवी बसले.