वासूवकिलांचा भांगाचा अर्ज

वासुदेव दिघे हे नाव अलिबागेत फक्त कोर्टाच्या फळ्यावर होतं. लोकांच्या तोंडी ते वासूवकील. १९२२ साली सनद घेऊन मांडव्याला उतरले, तर धक्क्यावर दोन होड्यांच्या तांडेलांचं भांडण पेटलेलं. ते मिटवलं आणि मग घरी गेले. पुढेही तसंच. अशील मागाहून यायचा, वकील आधी पोचलेले असायचे.

बाजाराच्या दिवशी कोर्टाबाहेर वडाखाली बसून ते गावोगावच्या लोकांना नोटिसा वाचून दाखवत. मुलींच्या शाळेला जागा मिळेना, तेव्हा स्वतःची ओसरी दिली आणि अशिलांना अंगणात बसवलं. पाढ्यांच्या गलक्यात कज्जे चालत. म्युनिसिपालिटीत निवडून आल्यावर कोळीवाड्यापर्यंत दिवे नेले. दिवे लावणारा आजारी पडला, तर शिडी खांद्यावर घेऊन स्वतः फिरले. शिडी धरायची पद्धत चुकीची होती, पण एकही दिवा राहिला नाही.

मी जन्मभर बांधावर माती वाहिली. ओझं उचलणाऱ्याची पाठ बघून मला त्याचं काम कळतं. वासूवकिलांचा कोट पाठीवर कायम घामाने ओला असे.

आमचं माणखार गाव धरमतरच्या खाडीवर. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आणि मध्ये मातीचा बांध. १९३१ च्या माघात त्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून मोठं भगदाड झालं. खांड भरायची ती भांगातच. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाणी जोरात येतं आणि घातलेली माती घेऊन जातं. अष्टमीच्या आसपास भरती मऊ असते. त्या दिवसांना आणि त्या भरतीलाही आम्ही भांग म्हणतो. त्या भांगात खांड बुजली नाही, तर पुढच्या उधाणाला सगळी शेतं खारी होणार होती आणि काही वर्षं भाताचं नाव घ्यायला नको होतं.

बांधाला लागून एका मिठागरवाल्याची जागा होती. तिथला चिखल आम्ही घेऊ नये म्हणून त्याने कोर्टात मनाई मागितली. खरं तर तो चिखल आमचे आजे-पणजे घेत आले होते. तसं सांगायला आमचा म्होरक्या काळूराम साक्षीला हवा होता. आणि तारीख पडली ती नेमकी भांगातली. काळूराम कोर्टात गेला तर खांड कोण बुजवणार? न गेला तर मनाई पक्की, मग बुजवायची कशाने?

आमच्या वतीने वासूवकिलांनी अर्ज केला: भांग असल्यामुळे गावातील सर्व माणसे बांधावर पडून असतील, तरी तारीख पुढची मिळावी.

जज्जसाहेब नवे होते, सोलापूरकडचे. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बदलीवर येताना. अर्ज त्यांनी दोनदा वाचला. काळूराम आणि मी मागच्या बाकावर होतो.

साहेबांनी विचारलं, "सर्व माणसे?"

"सर्व. बायकासुद्धा," वकील म्हणाले. "निम्मं काम बायकाच ओढतात."

"दिवसभर चालतं हे?"

"दिवसातून दोनदा चढते साहेब, दोनदा उतरते."

"चढल्यावर काय करतात?"

"काय करणार? बसून राहतात. उतरली की उठतात."

"आणि हे कधीपासून?"

"आजा-पणजापासून. तोच तर आमचा हक्क." वकील चवड्यांवर उभे राहिले होते. "मी स्वतः जाणार आहे. साहेब, एकदा डोळ्यांनी बघाच."

मिठागरवाल्याचे वकील अलिबागचेच. ते तोंडावर रुमाल दाबून बसले होते. काळूराम मला म्हणाला, बिचाऱ्याची दाढ दुखते. आम्हाला कोणालाच त्या बोलण्यात वावगं वाटलं नाही.

साहेबांनी तारीख बदलली नाही. त्या दिवशी आपण स्वतः जागेवर येऊ, साक्ष तिथेच घेऊ, असं सांगितलं. वासूवकिलांना आकाश ठेंगणं झालं. असा दयाळू जज्ज कुलाबा जिल्ह्यात आला नाही, असं ते सगळ्या रस्त्याने सांगत आले.

त्या दिवशी ओहोटी लागताच आम्ही रांग धरली. चिखलाचा गोळा कापायचा, हातोहात पुढे द्यायचा आणि काळूरामने तो खांडीत ठोकून बसवायचा. वासूवकील धोतर खोचून रांगेत उभे होते. पहिले गोळे त्यांनी पोटाशी धरले. मी सांगितलं, मांडीवर घ्या. मग बरे चालले.

साहेब टांग्याने आले. बरोबर मिठागरवाल्याचे वकील आणि अबकारी खात्याचा एक जमादार. जमादार याच जिल्ह्यातल्या तळा गावचा. त्याला उधाण-भांग सगळं ठाऊक होतं, पण हुकूम तो हुकूम. त्याने आमच्या भाकरीच्या फडक्यांची झडती घेतली. सुकट निघाली. त्याने ती हुंगून पाहिली आणि परत बांधली.

साहेब येसूबाईला म्हणाले, "बाई, भांग कुठे आहे?"

येसूबाई काळूरामची बायको. डोक्यावर घमेलं, तोंडाने तिखट. "ही काय समोर," तिने खाडीकडे हनुवटी केली. "उतरलीय आता. चढायच्या आत बाजूला व्हा, न्हायतर ती तुम्हालाच घेऊन जाईल."

साहेबांनी खाडीकडे पाहिलं, चिखलाने माखलेल्या रांगेकडे पाहिलं, मग वासूवकिलांकडे.

"दिघे," ते म्हणाले, "भांग म्हणजे पाणी?"

"मग दुसरं काय साहेब?" वकील म्हणाले आणि तेव्हा त्यांना दुसरं काय ते सुचलं. हातातला गोळा पायावर पडला. ते असे हसायला लागले की रांग थांबली. काळूरामने पुढून शिवी दिली, तेव्हा चालू झाली.

साहेब मात्र रुमालवाल्या वकिलांकडे वळले. "तुम्ही तर इथलेच," एवढंच म्हणाले. ते वकील मागे सरले आणि मांडीभर चिखलात गेले. आम्ही त्यांना काढलं. काढलेला माणूस मध्येच उभा होता, म्हणून त्याच्याही हातात गोळा दिला. पलीकडे जमादार आपणहून उभा राहिला.

काळूरामला साक्षीला बोलावलं, तर तो खांडीतून हलेना. "इचारा साहेब, कान मोकळे हायेत," तो म्हणाला. मग साहेब बांधावर उकिडवे बसून विचारू लागले आणि काळूराम गोळे ठोकत उत्तरं देऊ लागला. चिखल कुठून घेता, याला त्याने फावड्यानेच दाखवलं: मिठागराच्या बाजूला जुने खड्डे होते, त्यात माणसापेक्षा उंच तिवरं वाढलेली, म्हणजे खड्डे कित्येक वर्षांचे. साहेब स्वतः जाऊन तिवरांना हात लावून आले. मनाई मिळणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

पण खांडीने ते ऐकलं नव्हतं. शेवटचा गोळा बसला आणि भरती आली. पाणी बांधाच्या पायाला लागलं, वर सरकलं. जुनी माती आणि नवी माती जिथे जुळत होती, तिथून झिरपा सुटला. आमच्या हाताशी गोळा नव्हता. काळूराम ओरडला आणि कोणी काही करायच्या आत वासूवकील खाडीच्या अंगाने उतरून त्या जागी पाठ लावून बसले. पाणी छातीपर्यंत.

"भरा," ते म्हणाले.

आम्ही धावत नवे गोळे कापून आणले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी चिखल भरला. येसूबाई म्हणाली, "हलू नका हां, दादा. आता तुम्ही बांध हाव." झिरपा आटला. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं आणि तिथेच थांबलं. ओहोटी लागून बांधावर पहिला ओला पट्टा दिसेपर्यंत आम्ही चिखल दाबत राहिलो.

साहेब वरून म्हणाले, "दिघे, तुमचं म्हणणं संपलं असेल तर उठा."

वकिलांना उठता येईना. काळूराम, मी आणि जमादार, तिघांनी ओढलं. वकील आले, धोतर आलं नाही. ते ओढलं तर मातीचा सांधा उकलेल, म्हणून काळूरामने हात लावू दिला नाही. वकील काळूरामचं कांबळं गुंडाळून साहेबांच्या टांग्यात बसले आणि वळणाआड जाईपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

पुनवेचं उधाण बांधाने अंगावर घेतलं. आम्ही शेतं नांगरायला घेतली.