आठ दिवस वापरून बघा
नव्या थर्माकोलचा वास आला, की माझं डोकं आजही तापतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पै पै जोडून वर आलेला मी, सांगितलेल्या किमतीला कधी काही घेतलं नव्हतं. बारामतीच्या त्या दुकानदारानं मात्र रंगीत टीव्हीची घासाघीसच होऊ दिली नाही. "पैशाचं ऱ्हाऊ द्या, तात्या. आठ दिवस वापरा, न्हाय पटला तर परत," म्हणत त्यानं थर्माकोलात बांधलेला सेट टेम्पोतून सणसरला माझ्या घरी पाठवलासुद्धा. परत करायची धमकी देऊन भाव पाडू, असा माझा बेत होता. आठव्या दिवशी दुकानात जाऊन म्हणालो, "किंमत उतरव, न्हायतर घेऊन जा तुझा डबा." तो हसला. "लगेच पाठवतो की टेम्पो." मी घरी पोचलो, तर आईनं टीव्हीला हळदकुंकू वाहिलेलं, बायकोनं वर विणलेला रुमाल घातलेला आणि सतरंजीवर सगळी आळी बसलेली. मागोमाग टेम्पो दारात आला. आईनं एवढंच विचारलं, "कुठं न्हेतोस रं त्याला?" मी मुकाट्यानं पूर्ण पैसे ड्रायव्हरच्या हातात ठेवले. तो म्हणाला, "मालक मला म्हणलंच हुतं, टेम्पो घेऊन मोकळाच येशील." त्या टीव्हीवर पुढं काय काय बघितलं ते विसरलो, हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.