नळावरच्या बायकांची भिंत

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी एका कंपनीचं स्टोअर सांभाळत होते, त्यामुळे कुठलंही काम सामानापासून सुरू करायची सवय. वस्तीतल्या मुलांनी भिंत रंगवायचं ठरवलं तेव्हाही मी आधी हेच विचारलं: चुना किती लागेल, कुंचे किती, शिडी कोणाची, पाणी कुठून आणायचं. चित्र कसलं काढायचं हा प्रश्न माझ्या कागदावर सगळ्यात खाली होता.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. उल्हासनगर कॅम्प चारच्या पलीकडे, नाल्याला लागून एक वस्ती होती. दर रविवारी बदलापूरहून येऊन मी तिथल्या मुलामुलींचा वर्ग घ्यायचे. वस्तीसमोर बंद पडलेल्या कारखान्याची लांबलचक भिंत होती, तिच्यावर मूळव्याधीच्या औषधाच्या जाहिराती आणि पानाच्या पिचकाऱ्या. शिफ्टला जाणाऱ्या रिक्षा तिथूनच जायच्या. कारखान्याच्या मालकाकडून मी परवानगीची चिठ्ठी आणली आणि सोबत घरून एक चित्रही नेलं: झाड, कबुतरं, उघडं पुस्तक.

वर्गातली एक सोळा वर्षांची मुलगी ते चित्र बराच वेळ बघत राहिली. नववीनंतर तिची शाळा सुटली होती. घरी बसून ती कॅम्पातल्या कारखान्यांच्या जीन्सचे धागे कापायची. चित्रकलेत तिचा हात सगळ्यांत चांगला.

"ताई, हे सरकारी वाटतंय," ती म्हणाली.

"मग काय काढू या?"

"नळ."

सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण वस्तीला नळ एकच होता आणि तिथल्या बायकांचा अर्धा दिवस त्याच्यापाशीच जायचा. मी माझं चित्र गुंडाळून पिशवीत ठेवलं. त्या रविवारी आम्ही भिंत घासली, चुना गाळून त्यात डिंकाचं पाणी घातलं, दोन हात मारले. पुढच्या रविवारी मुलीने गेरूने रेषा काढल्या: एका टोकाला नळ आणि तिथून भिंतभर हंडे घेतलेल्या बायकांची लाईन. चेहरे नुसते गोल होते. नाकडोळे नंतर बघू म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी येऊन बघते तर भिंत कोरी पांढरी, आणि तिच्यावर निळीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं: राखीव.

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती. आमच्याकडची रीत अशी, की निवडणुकीआधी उमेदवाराची माणसं चांगल्या भिंती हेरतात, चुना मारतात आणि राखीव लिहून जातात. एकदा तसं लिहिलं की दुसरा पक्ष त्या भिंतीला हात लावत नाही. भिंतीच्या मालकाला कोणी विचारत नाही, मग माझ्या चिठ्ठीला कोण विचारणार?

मुलगी त्या अक्षरांकडे बघत होती. "हा ख आपल्या पेंटरचा आहे," ती म्हणाली.

आमच्या वर्गात विशीतला एक मुलगा होता, सगळ्यांत मोठा. कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांच्या पाट्या तो रंगवायचा, त्यामुळे त्याला सगळे पेंटर म्हणायचे. तो मागेच उभा होता.

"आपली भिंत दिसली नाय का तुला? का डोळ्यांत रंग गेला होता?" मुलीने विचारलं.

"दिसली. स्टेशनपासून नाक्यापर्यंत सगळ्या भिंती एकदम दिल्या मला. हीच एक सोडतो कसं म्हणू? दुसरा पेंटर बोलावला असता त्यांनी. त्याने जाड चुना मारला असता."

"आणि तू काय केलंस, देवपूजा?"

पेंटरने बादली उचलली आणि भिंतीवर पाणी मारलं. चुना ओला झाला तशा आतल्या गेरूच्या रेषा हळूहळू वर आल्या. आधी एक हंडा, मग पदर, मग अख्खी बाई. त्याने एकच हात मारला होता, तोही पातळ. मुलं बादल्या घेऊन धावली. बायका एकेक करून भिंतीतून बाहेर येत होत्या आणि पेंटर गेरूने त्या रेषा पुन्हा गिरवत चालला होता.

पण एवढ्याने भिंत आमची झाली नव्हती. पुढच्या रविवारी उमेदवाराचा माणूस नाव आणि निशाणी काढून घ्यायला येणार होता. हा माणूस वस्तीतलाच, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. आम्ही रंगवलं तरी तो वरून चुना मारणार हे उघड होतं.

"गोलांवर मारेल," मुलगी म्हणाली. "तोंडांवर मारेल का?"

तिने कागद घेतला आणि नळावर जाऊन बसली. आठवडाभर ती बायकांचे चेहरे कागदावर उतरवत होती आणि पेंटर व मुलांना घेऊन भिंतीवर रंगवत होती. संध्याकाळी कंपनी सुटल्यावर मी रोज एक चक्कर मारायचे. रंगांचं सगळं मी आधीच ठरवून दिलं होतं: पिवडी कोणी कालवायची, काजळी कोणी, नीळ कोणाच्या हाती द्यायची नाही. बायका सूचना करत उभ्या असायच्या.

"माझं नाक एवढं मोठं आहे होय गं?"

"मावशी, कमीच काढलंय."

"साडी हिरवी दे. ही फाटकी नको. आणि हिला माझ्या मागं ठेव, रोज मधे घुसते."

लाईनीत पहिली कोण, यावर वाद झाला नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी हंडा लावायची ती एक म्हातारी, भाऊची आई. तिला मुलीने नळाशीच उभं केलं, कमरेवर हात ठेवून, वर मान करून.

रविवारी भाऊ आला. मागे दोन माणसं, चुन्याची बादली, कुंचे. अर्धी वस्ती आधीच जमली होती. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती घेतलीच नाही.

"ताई, भिंत राखीव होती. हे बरोबर नाय."

"मालकाची परवानगी आहे."

"परवानगी आम्ही पण मागत नाय." तो पुढे झाला आणि नळापाशी थांबला. आईचा चेहरा हुबेहूब उतरला होता, कपाळावरच्या गोंदणासकट.

म्हातारी गर्दीतून पुढे आली. "मार की चुना. माझ्यापासून सुरू कर. मला पुसलं की बाकीच्या काय, आपोआप पुसल्या जातील."

"आई, तू घरी जा."

"घरी काय जा? पाणी यायचंय अजून."

बायका हसल्या. भाऊने लाईन शेवटपर्यंत बघितली. त्यात त्याची चुलती होती, शेजारीण होती, मत देणारी प्रत्येक दुसरी बाई होती. पेंटरकडे बघून तो म्हणाला, "तू पण यांच्यातलाच काय?" पेंटर म्हणाला, "हो, भाऊ." त्याचं काम जाऊ शकत होतं, तरी आवाज हलला नाही. मला त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा क्वचितच कोणाचा वाटला असेल.

भाऊने शेवटचा प्रयत्न केला. "बरं, मग आमच्या साहेबांना पण घ्या ना चित्रात. एका बाजूला."

"घेऊ की," मुलगी म्हणाली. "शेवटी उभं करू. हंडा घेऊन यायला सांगा."

भाऊच्या बरोबरची माणसंही हसली. त्याने बादली उचलायला लावली, कारखान्याच्या गेटपलीकडची उरलेली भिंत दाखवली आणि नाव तिथे लिहायला सांगितलं. तेही पेंटरनेच लिहिलं, जाड चुन्यावर.

पुढे बऱ्याच निवडणुका झाल्या. दुसऱ्या पक्षांची माणसंही आली. लाईनीतली शेवटची बाई जिथे संपते तिथून पुढे चुना सुरू व्हायचा. ती मुलगी वर्षभरात धागे कापणं सोडून पेंटरबरोबर शिडीवर चढून पाट्या लिहू लागली.

त्या रविवारची दुपार मात्र अजून सांगायची राहिली. भाऊ गेला, मी कुंचे मोजून बादलीत बुडवत होते, एवढ्यात मागच्या गल्लीतल्या बायका तरातरा आल्या.

"आम्ही काय नळावर येत नाय का? आमची तोंडं कुठंयत?"

मुलीने निळीने माखलेले हात फडक्याला पुसले, नवा कागद घेतला आणि म्हणाली, "लाईन लावा."

त्यांनी खरंच लावली.