नाझियाच्या नावावरची ओळ

माझा विश्वासघात झाला, ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुण्यात ऑफिसात सांगितली, लग्नाआधी नवऱ्याला सांगितली, एका मुलाखतीत तर तिच्या जोरावर नोकरी मिळवली. ऐकणारे हळहळतात. जवळचीच माणसं असं करतात, म्हणतात. मी मान हलवते. आज तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगायची आहे, आणि त्या बाजूने ती माझ्या तोंडून अजून एकदाही निघालेली नाही. तुमच्यासमोरच का? — तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

मी अमरावतीजवळच्या खेड्यातली. आमची फुलशेती. झेंडू, शेवंती, गलांडा. पहाटे फुलं तोडायची आणि ऑटोत घालून शहरातल्या फूलबाजारात न्यायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते. बाबा बाजारात गिऱ्हाइकाला हार देता देता सांगायचे, "पोरगी इंजिनेर होऊन राहिली माही." मला त्याची लाज वाटायची नाही. गोड वाटायचं. फार गोड वाटायचं — पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

नाझिया माझ्या वर्गातली. अकोल्याची, जुन्या शहरातली. वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान, आणि मामा फळांचा व्यापारी, बागा घेणारा, म्हणजे झाडावरचा माल विकत घेणारा. हा मामा लक्षात ठेवा. कॉलेज संपल्यावर आम्ही दोघींनी अमरावतीतच एक खोली घेतली आणि काम सुरू केलं. खोली माझ्या नावावर, कारण तिच्या नावावर मिळत नव्हती. दोन घरमालकांनी नाव ऐकून दार लावून घेतलं होतं. लॅपटॉप तिच्या नावावर, कारण माझ्याकडे नव्हता. एकाच लॅपटॉपवर दोघी. एक टाइप करायची, एक शेजारी बसून चुका काढायची. कोणती ओळ कुणाची, हे आम्ही कधी धरलं नाही. यंत्राने मात्र धरलं होतं — जे काही जमा व्हायचं ते तिच्या नावाने.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही एक लायब्ररी लिहीत होतो. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमर लोक तयार कामांच्या संचाला लायब्ररी म्हणतात, तो संच उचलून आपल्या ॲपमध्ये बसवायचा. आमच्या संचाचं काम एवढंच, की दोन फोन एकमेकांशी थेट जोडायचे आणि त्यांच्यातलं बोलणं कुलूपबंद ठेवायचं. प्रत्येक फोनची आपली चावी. पहिल्यांदा जोडले की दोन्ही पडद्यांवर आकडे दिसणार, दोन माणसांनी ते एकमेकांना वाचून दाखवायचे. जुळले तर पलीकडचा खरा. पुढे कधी चावी बदलली तर फोन जोडणी तोडणार आणि सांगणार, की पुन्हा जुळवा, तोवर काही बोलू नका.

थेट जोडणी दरवेळी व्हायची नाही. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात दोन फोनांना एकमेकांचा पत्ताच लागत नाही. मग मध्ये एक कॉम्प्युटर ठेवावा लागतो, पोस्टमनसारखा. त्याने पाकीट पोचवायचं. फोडायचं म्हटलं तरी त्याला फोडता येत नाही, मात्र एका अटीवर: दोन्ही टोकांच्या माणसांनी चाव्या जुळवलेल्या असल्या पाहिजेत. न जुळवता कोणतीही चावी घेतली, तर मधला माणूस इकडे तिकडचा होऊन बसतो आणि तिकडे इकडचा. या एका अटीवर नाझिया हटून बसायची. म्हणायची, "मामू रुमालाखाली सौदा करतात ना, त्याच्यात बोटं मागून धरतात. पहले हात कोनाचा हाय ते पाहतात." फळबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात.

आणि हे सगळं कशासाठी? मोर्शीकडच्या संत्रावाल्यांसाठी. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात कशापायी यायचं, ते तुम्हाला माहीत आहे. संत्र्याचं दुखणं जरा वेगळं होतं. व्यापारी झाडावरचा माल बघायला येतो, प्रत्येकाला एकटं गाठतो आणि सांगतो, तुमच्या शेजाऱ्याने तर याच्याहून कमीत दिली. शेजाऱ्याने खरंच दिली का, कोण विचारणार? वसंतभाऊ म्हणून बाबांच्या ओळखीचे बागायतदार होते. त्यांनी काही जणांना गोळा केलं होतं. कोणी काय भाव सांगितला, कुठवर उतरायचं, हे आपसात आधी कळवायचं आणि व्यापाऱ्याच्या कानी जाऊ द्यायचं नाही. आमची लायब्ररी पहिल्यांदा माणसांच्या हातात जाणार होती ती तिथे.

दाखवायला वसंतभाऊंच्या बागेतल्या शेडमध्ये मी एकटीच गेले. नाझियाचे रोजे चालू होते, उन्हातान्हात एसटीने मोर्शी तिला झेपलं नसतं. बाबा मात्र आले होते, धुतलेलं धोतर नेसून.

आणि फोन जोडेनात. आठवडाभरापूर्वी मी स्वतः चाव्या जुळवून दिल्या होत्या. पण आमच्याकडे फोन एका माणसाचा असतो कुठे? तो भावाकडे जातो, पुतण्याकडे जातो, हँग झाला की दुकानातून सगळा साफ करून आणतात. चावी नवी झालेली. वसंतभाऊंच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: पलीकडची व्यक्ती तीच असल्याची खात्री नाही. पलीकडची व्यक्ती म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, शेडच्या दुसऱ्या टोकाला संत्र्याच्या क्रेटवर बसलेला.

मी म्हटलं, भाऊ, आकडे पुन्हा वाचून जुळवा.

"काहून?" वसंतभाऊ म्हणाले. "माह्या भावाले इचारू काय, का बाबा तू तूच हायेस काय म्हनून?"

भाऊ तिकडून ओरडला, "इचार, इचार. माय जित्ती असती त तिलेच इचारलं असतं."

सगळे हसले. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तुयं मशीन भाऊबंदकी लावते." पुन्हा हसले. बाबाही हसले — पण माझ्याकडे न बघता, धोतराचा सोगा हातात धरून. ते हसणं मी विसरलेले नाही. आमच्याकडे आपल्या माणसाची ओळख पटवून घेणं म्हणजे त्याचा अपमान. हे मला नाझियापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. बसून समजावायला हवं होतं. मी म्हटलं, छोटी गडबड आहे, उद्या नीट करते.

दुपारी खोलीवर आले. नाझिया ओढणी तोंडावर घेऊन झोपली होती. लॅपटॉप उशाशी. मी तो उचलला, भिंतीला टेकून बसले आणि एक ओळ लिहिली. चावी बदलली तर जुनी टाक, नवी घे, कुणाला काही सांगू नको. इशारा येतो की नाही हे तपासणारी एक चाचणी तिने लिहिली होती. ती बंद केली. जमा केलं. सगळं तिच्या नावाने जमा झालं. तेव्हा मुद्दाम केलं का? नाही. पण ते तसं होणार, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी ती उठली. रोजा सोडायला मी केळी आणि पपई कापून दिली. तिने विचारलं, "चाव्यांनी तकलीफ त नाई दिली?"

मी म्हटलं, नाही. मस्त झालं.

पुढच्या आठवड्यात ती ओळ काढीन, असं मनाशी म्हटलं होतं. काढली नाही. कशाला काढू? सगळं सुरळीत चाललं होतं. वसंतभाऊ बाबांना म्हणाले, पोरगी हुशार आहे बरं. बाबांनी ते मला दोनदा सांगितलं.

मधला कॉम्प्युटर आम्ही एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत ठेवला होता, कारण त्या दुकानात इन्व्हर्टर होता आणि बाकी गावात लोडशेडिंग. पोळ्याला दुकानदाराचा जावई आला. तो मोठ्या शहरात आमच्याच धंद्यातला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एका व्यापाऱ्याने बागेत उभं राहून एका शेतकऱ्याला त्याचंच वाक्य ऐकवलं — "पोराची फी भरून होईस्तोवर थांबतो म्हनता, मंग उतरतो म्हनता. मंग आताच उतरा ना, भाऊ." ते वाक्य त्याने फक्त आपल्या साळ्याला कळवलं होतं. फोनवर. आमच्या कुलपातून.

मी दुकानात गेले, यंत्र उघडून पाहिलं. जावयाने मध्ये आपली चावी घुसवून सगळ्यांचं बोलणं वाचलं होतं, ते समोर होतं. त्याने लपवायचीही तसदी घेतली नव्हती. ते तसंच वसंतभाऊंना दाखवलं असतं तर? तर दुसरा प्रश्न लगेच आला असता: मग आमचे फोन का नाही ओरडले? — मी सगळं पुसलं. यंत्र पिशवीत घातलं आणि दुकानदाराला नमस्कार करून निघाले.

बैठकीआधी बाबांनी बाजूला घेतलं. "तुयं त काई नाई ना यात?"

"नाही, बाबा."

बैठक त्याच शेडमध्ये झाली. वसंतभाऊंनी ओरडा केला नाही. आवाज खाली ठेवून म्हणाले, "आमी भावालेही सांगत नाई अशा गोष्टी तुमच्यावर टाकल्या. फुटल्या कुठून, एवढं सांग." आणि मी सांगितलं: चाव्यांची बाजू नाझिया पाहते.

वाक्य खरं होतं. खरंच ती पाहायची. खऱ्या वाक्याने खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं; कुणी शिकवावं लागलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "ते अकोल्याची? तिचा मामा बागवान हाय ना? बागा घेते तो." मग कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांना सगळं समजल्यासारखं झालं. ती शांतता माझ्या हातात होती, एका शब्दाने मोडता आली असती. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले.

त्या हंगामात मामाला त्या भागात कुणी बाग दाखवली नाही. त्याने काय केलं होतं? काहीच नाही. घरात बोट नाझियाकडे गेलं. शिकलेल्या पोरीने धंद्यावर पाणी फिरवलं.

आता जे सांगते त्यासाठी इथवर आले. नाझियाने स्वतः शोध घेतला. तीच ती — काही अडलं की मुळापर्यंत जाणारी. तिला ती ओळ सापडली, आणि ओळीशेजारी तिला तिचंच नाव दिसलं. अकोल्याहून ती सकाळच्या गाडीने आली. दारातच उभी राहिली. चपलाही काढल्या नाहीत.

"वंदू, माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "रोजे चालू होते, दिमाग चालत नव्हता. मले आठवतही नाई, कधी लिवलं. माफ कर यार. तुह्या बाबांसमोर तुयं नाक कापलं मी."

तिला एकदाही शंका आली नाही. त्या लॅपटॉपवर लिहिणारी आणखी एक होती, हे तिला आठवलं नसेल? आठवलं असेल. पण तिने पलीकडचा हात माझाच धरला होता. तो तिला पुन्हा तपासायचा नव्हता.

आणि मी काय केलं? — मी तिला माफ केलं.

तिच्या खांद्यावर हात ठेवला, होतं असं, म्हटलं. चहा केला. ती रडली, तेव्हा माझेही डोळे भरले, आणि त्या पाण्यात थोडा राग होता. खरा राग, जणू खरंच तिने माझा घात केला होता. त्या दिवसापासून मी ती गोष्ट तशीच सांगत आले. मुलाखतीत तर फळ्यावर आकृती काढून सांगितली: न जुळवता चावी घेतली की काय होतं, आणि माझ्या एका सहकारी मुलीने ते कसं केलं. ते लोक खूश झाले. अनुभव आहे, म्हणाले.

नाझियाने नंतर प्रोग्रॅमिंगला हात लावला नाही. अकोल्यात एका शाळेत गणित शिकवते. आमच्या वर्गात तिच्याइतकं त्या कामातलं कुणाला कळत नव्हतं. मलाही नाही. लायब्ररीतून ती ओळ मी पुढे काढली, ती माझ्या नावाने, माझ्या नव्या लॅपटॉपवरून. जो कोणी उघडून पाहील त्याला दिसतं, की नाझियाने चूक केली आणि वंदनाने सुधारली.

मागच्या महिन्यात तिने फोन बदलला. तिचा संदेश येण्याआधी माझ्या पडद्यावर बारीक अक्षरांत आलं, की या व्यक्तीची चावी बदलली आहे. आजकाल कोण वाचतं ते? थोड्या वेळाने तिचाच फोन वाजला. मागे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका.

"वंदू, आकडे खोल. जुळवून घेऊ. एकदा चुकली मी, आता नाई चुकनार."

मी उघडले. ती एकेक आकडा वाचत गेली, मी हो हो म्हणत गेले. शेवटला आकडा जुळला. ती हसली.

"पक्कं ना? तूच हायेस ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

मग तिने बाबांची तब्येत विचारली. घंटा होईपर्यंत आम्ही बोलत होतो. सांगायला वेळ भरपूर होता.

ती ओळ मी लिहिली होती.